वरातीमागून घोडं नेण्याचं शास्त्र

सर, राज्यशास्त्रात पीएचडी करताय ना? मग आधी शीर्षक पक्कं करा. मागे 'एक चिकित्सक अभ्यास' आणि कंसात 'विशेष संदर्भ : धुळे जिल्हा' एवढं आलं की निम्मी पदवी खिशात. पहिल्या प्रकरणात प्लेटो, दुसऱ्यात कौटिल्य. धुळ्याला पोचेपर्यंत पाचवं प्रकरण उजाडायला हवं. शेवटी शिफारस करा : 'लोकसहभाग वाढवावा.' कोणी वाढवावा, ते मात्र लिहू नका. चुकून एखाद्या बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) हाती लागलं तर?

चर्चासत्राच्या उद्घाटनाला कलेक्टरसाहेबांना बोलवा. दिवा लागला की ते निघतात आणि ते निघाले की तुमचा शोधनिबंध सुरू होतो. दोघांचीही सोय. नंतर भरीत-पुरी आहेच. (खरं सांगायचं तर चर्चासत्रातलं तेवढंच लक्षात राहतं.)

गावात जायची वेळ आलीच, तर प्रश्नावली घट्ट धरून ठेवा. शहाद्याकडचे एखादे आबा सगळे प्रश्न शांतपणे ऐकून म्हणतील, "बठ्ठं खरं शे भाऊ, पन काम कव्हय भेटी?" (सगळं खरं आहे भाऊ, पण काम कधी मिळेल?) या उत्तराला चौकट नसते. 'तटस्थ'वर खूण करा आणि पुढच्या घरी चला.

खरं कसब वेळ साधण्यात आहे. धोरण ठरत असताना तिकडे फिरकायचं नाही. रोजगार हमीचंच बघा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग केला. मग 1972 चा दुष्काळ आला. त्याच सुमाराला खानदेशातल्या शहादा-तळोद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या सोबतीने आदिवासी मजूर जमीन आणि मजुरीसाठी उभे राहिले, तेही वाङ्मयाचा आढावा न घेता! 1977 मध्ये कायदा संमत झाला, 1979 पासून लागू झाला. मग आपण पोचलो, गृहीतकं घेऊन. 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या वेळीही मसुद्याच्या टेबलाशी ज्याँ द्रेझ बसले होते, पण ते पडले अर्थशास्त्राचे. त्यांना सरकारच्या स्वयंपाकघरात शिरायची खोडच आहे. आपण आपलं जेवण झाल्यावर भांडी मोजावीत.

तरीही कोणी खवचट विद्यार्थी विचारेल, "सर, आपल्या विषयाचा धोरणाला उपयोग काय?" गडबडू नका. पगारपत्रक काढा. त्यात व्यवसाय कर दिसेल : महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून 1975 साली बसवलेला कर. त्यावर बोट ठेवा आणि म्हणा, "हा बघ."