‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्य नव्हे

द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली आणि त्यातून महाभारत घडलं, असा मेसेज पुन्हा फिरतोय. हे वाक्य तिच्या तोंडी घातलेलं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, ते कुठेच नाही. सभापर्वात दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदी बायकांसह हसली, हे नंतर दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो. तेही फक्त हसणं, टोमणा नाही.

एका खोट्या वाक्यापायी युद्धाचं खापर तिच्या माथी फोडलं जातं, याची मला चीड येते. कारण त्याच ग्रंथातली खरी द्रौपदी झाकली जाते. द्यूतानंतर ती विचारते, युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? भीष्मांनाही ठाम उत्तर देता येत नाही. धृतराष्ट्र वर देतो तेव्हा पहिल्या वराने ती युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ आणि धनुष्यांसकट. तिसरा वर ती नाकारते.

आणि वनपर्वात ती सत्यभामेला सांगते, पांडवांच्या राज्याचा जमाखर्च एकट्या मला ठाऊक होता, खजिन्यावरही माझीच देखरेख असे. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हा प्रसंग पाठवा.