'बिना किसी शर्त के'

मंडळी, आज डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांब होईल. ज्यांच्या घरी साठीपुढचं कुणी आहे आणि घर त्यांच्या नावावर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दुपारी एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कचेरीच्या जिन्यात एक काकू बसल्या होत्या. वय 74. रामबागेतलं घर यजमानांनी बांधलेलं, त्यांच्या पश्चात काकूंच्या नावावर झालेलं. 2021 मध्ये त्यांनी ते मुलाला दान केलं. आता मुलगा-सून वर राहतात आणि काकू मागच्या पडवीत, जिथे पूर्वी जुन्या सायकली ठेवलेल्या असायच्या. बाथरूमला जायला अंगण ओलांडावं लागतं. स्वयंपाकघराला कुलूप. औषधांचे पैसे उज्जैनची मुलगी पाठवते.

पॉलिथिनच्या पिशवीतून त्यांनी दानपत्राची नक्कल काढून दाखवली. घडीवर फाटायला आलेली. तिसऱ्या पानावर मधोमध ही ओळ: 'दानदाता ने उक्त संपत्ति प्रेम एवं स्नेहवश, बिना किसी शर्त के, दानग्रहिता को दान की है.' खाली काकूंची सही, मोडी वळणाची छटा असलेली, सुरेख. "वाचलं नव्हतं गं. तो म्हणाला, आई, इथे सही."

ही ओळ काकूंनी सांगितली नव्हती. बहुधा मुलानेही नसेल. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या जुन्या मसुद्यात ती होती, नावं आणि चतुःसीमा बदलून तीच फाइल छापली. आणि चार शब्दांनी एका बाईचं घर गेलं.

कसं गेलं ते सांगते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक भरण-पोषण आणि कल्याण अधिनियम, 2007. त्याचं कलम 23 म्हणतं की 'मूलभूत सोयी आणि गरजा भागवीन' या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं मानलं जाईल आणि ज्येष्ठाची इच्छा असेल तर न्यायाधिकरण तो रद्दबातल ठरवेल. न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे मध्य प्रदेशात एसडीएम. दिवाणी दाव्याची वर्षानुवर्षांची फरफट नाही. पण सगळी मेख 'या अटीवर' या दोन शब्दांत आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अट होती हे दाखवावंच लागेल, नुसती माया गृहीत धरून चालणार नाही. आणि काकूंच्या कागदावर तर अट नव्हती असं उलट लिहूनच ठेवलंय!

मग 2 जानेवारी 2025 चा निकाल आला, आपल्याच मध्य प्रदेशातला. उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित. छतरपूरची आई, 2019 चं दानपत्र. एसडीएमने आईच्या बाजूने दिलं, कलेक्टरने दिलं, उच्च न्यायालयाच्या एकल पीठानेही दिलं. त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने मात्र उलटवलं, की रद्द करण्याची अट दानपत्रात नाही. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल बाजूला सारला आणि 28 फेब्रुवारीपर्यंत ताबा आईला द्या म्हणून सांगितलं. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो सैल हाताने वाचा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दान रद्द करणारं न्यायाधिकरण ताबाही देऊ शकतं, हेही.

हा निकाल सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर फिरवला. 'आता आई-वडिलांना न सांभाळणाऱ्यांची खैर नाही' वगैरे. पण त्या आईच्या हातात काय होतं हे कुणी वाचलं नाही. दानपत्र केलं त्याच दिवशीचं वेगळं वचनपत्र होतं तिच्याकडे, मुलाच्या सहीचं, की आईला शेवटपर्यंत सांभाळीन आणि तसं झालं नाही तर तिला दान परत घेता येईल. दानपत्रातही सांभाळण्याचा उल्लेख होता. दोन कागद एकत्र वाचून न्यायालयाने अट शोधली. काकूंकडे दुसरा कागदच नाही.

राग मुलाचा येतोच. पण त्याहून जास्त आपला येतो. आपल्या मराठी घरांमध्ये 'मुलाला काय अटी घालायच्या, लोक काय म्हणतील' हे जे चालतं ना, त्यापायी ही माणसं पडवीत जातात. दहा हजाराच्या भाडेकरूशी आपण अकरा महिन्यांचा करार करतो, त्यात नळाची तोटीसुद्धा लिहितो. आणि उभं घर देताना ब्र काढत नाही.

म्हणून आधी हे विचारा, दान आत्ताच करायचं कशाला? मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, रजिस्ट्री ऐच्छिक आहे (तरी करून घ्याच, आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या), आणि मन बदललं तर दुसरं करता येतं. जिवंत आहात तोवर मालक तुम्ही. दानपत्र रजिस्टर झालं की ते मनाला येईल तेव्हा मागे घेता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 126 तसं सांगतं.

तरीही दानच करायचं असेल, कर्जासाठी म्हणा किंवा मुलांमधली वाटणी हयातीतच संपवायची म्हणून, तर मसुदा घरी आणा आणि रात्री निवांत वाचा. 'बिना किसी शर्त' दिसलं की काट मारा. त्या जागी अट लिहा, आणि मोघम नको. 'योग्य सांभाळ करीन' याला कचेरीत काडीची किंमत नाही. कुठली खोली ते लिहा: तळमजला, रस्त्याकडची, संडास-बाथरूम जोडलेलं. दोन वेळचं जेवण, कपडे, औषधं, दवाखान्याचा खर्च. महिन्याची रोख रक्कम आकड्यात, कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या बँक खात्यात. शेवटी, यातलं काही चुकलं तर दानपत्र रद्द करून ताबा परत घेण्याचा हक्क दात्याला राहील. शिवाय आजीवन राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखून ठेवल्याचं वेगळं वाक्य. असा हक्क राखला म्हणून दान कच्चं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच रेनिकुंटला राजम्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. त्यामुळे कुणी 'असं चालत नाही' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

साक्षीदार मुलाचे मित्र नकोत. मूळ दस्त दात्याकडेच राहू द्या. नगर निगममधल्या नामांतरणाची, म्हणजे नोंदीत मालकाचं नाव बदलण्याची, घाई नको. आणि रजिस्ट्रीच्या टेबलावर कुणी तुम्हाला अर्थ समजावून सांगेल ही आशा ठेवू नका. तिथे पाहिलं जातं ते एवढंच, की सही तुमची आहे का आणि माणूस तुम्हीच का. मी तर म्हणते, साठीपुढच्या माणसाचं दानपत्र असेल तर त्याला पाच मिनिटं एकट्याला बसवून त्याच्या भाषेत विचारलंच पाहिजे: घर गेल्यावर तुम्ही राहणार कुठे? काकूंना एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर त्या आज जिन्यात नसत्या.

ज्यांचं काकूंसारखं होऊन गेलंय त्यांच्यासाठी. एसडीएमकडे अर्ज स्वतः करता येतो, स्वतःला जमत नसेल तर ज्याला अधिकार दिला त्याच्यामार्फत. वकील नसला तरी अडत नाही. मुळात या 2007 च्या कायद्याचं कलम 17 वकिलाला मज्जावच करतं, काही उच्च न्यायालयांनी तो सैल केलाय. वयाचा पुरावा, दानपत्राची प्रमाणित नक्कल, आणि तारखांची यादी. इथेच बहुतेक अर्ज लुळे पडतात. 'मुलगा नीट बोलत नाही, सून उलट उत्तरं देते' याची दोन पानं भरतात आणि जेवण बंद कधी झालं, कुलूप कधी लागलं, औषधाचं बिल कुणी भरलं हे कुठेच नसतं. कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि उपचार मोजतो. अपमान मोजत नाही. वाईट आहे, पण तसंच आहे. आणि एक चूक तर हटकून होते. अर्ज धाकट्याने टाइप केलेला असतो आणि त्यात थोरल्याच्या वाट्याचं भांडण डोकावतं. समोरच्याच्या लगेच लक्षात येतं की आई पुढे केलीय.

महिन्याचा खर्च हवा असेल तर तो कलम 4 आणि 5 खाली वेगळा मागा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर 30 दिवस वाढ. अंतरिम रक्कमही मागता येते, ती मागायला बरेचजण विसरतात. कायद्यात कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. आजच्या काळात 10,000! ती काढण्यासाठी 2019 मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. विरोधात गेलं तर अपील 60 दिवसांत.

पहिल्या तारखांना बहुतेक समेटाकडे ढकलतात. समेट वाईट नाही. पण 'आईला नीट ठेवीन' एवढ्यावर अंगठा नको. वर सांगितलं ते सगळं, खोली, रक्कम, तारीख, त्यात उतरवून घ्या.

हो, या कायद्याचा गैरवापर होतो, मान्य. सुनेला घराबाहेर काढायला सासू-सासऱ्यांना पुढे करतात. म्हणून तर 2020 मध्ये एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनेचा राहण्याचा हक्कही जपला, आणि मार्च 2025 मध्ये समतोला देवी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक वेळी मुलाला घराबाहेर काढलंच पाहिजे असं नाही. बरोबरच आहे. पण हे उदाहरण काकूंच्या तोंडावर फेकणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. काकू मुलाला जेलमध्ये टाका म्हणत नव्हत्या. कलम 24 त्यांना सांगितलं, ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने टाकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर त्या घाबरल्याच. "नको गं, त्याला शिक्षा नको. मला माझी खोली दे, देवघरासकट." यजमानांचा फोटो अजून तिथेच आहे म्हणाल्या, पुढच्या खोलीत.

कुणाला एकट्याने हे झेपत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन या हेल्पलाइनचा 14567 आणि विधी सेवा प्राधिकरणाचा 15100, दोन्ही लिहून ठेवा. बाईला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

संध्याकाळी उज्जैनच्या मुलीला फोन लावून विचारलं, दानपत्र झालं त्या आठवड्यातलं काही लेखी आहे का, काहीही. तिने चाळलं. रजिस्ट्रीच्या तीन दिवस आधीचा भावाचा मेसेज सापडला: 'ताई तू काळजी करू नकोस, घर माझ्या नावावर झालं तरी आईचं सगळं शेवटपर्यंत मीच बघणार.' त्या चार शब्दांपुढे हा मेसेज पुरेल का, हे निकालाच्या दिवशी कळेल. तिला एवढंच सांगितलंय की ती चॅट पुसू नकोस, फोन बदलू नकोस, विकू नकोस, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल आणि त्यासाठी तोच हँडसेट हवा. ती सोमवारी सकाळच्या बसने फोन घेऊन येतेय.