लेकराच्या हगवणीत आईचा स्वभाव शोधू नका

"संसार टिकवायचा असेल तर हे वाचा" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सोयाबीन सोंगणीच्या दिवसांपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी फिरतो आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच, भजनी मंडळाच्या आणि बचत गटाच्या ग्रुपवरही तोच. त्यात सात मुद्दे आहेत. लेकरू सारखं आजारी पडतं ते आईच्या हयगयीमुळे. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकावा आणि बाळाला मध चाटवावं. हगवण लागली की दूध-पाणी बंद करावं. लसीने ताप येतो, म्हणजे लस शरीर बिघडवते. बाप लेकराच्या करण्यात पडला की घरातला त्याचा मान जातो. बायकोने सगळ्यांच्या मागून जेवावं, त्याने नवरा-बायकोत प्रेम राहतं. आणि शेवटी, मोबाइलने लेकरं बिघडली.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा माझ्या धाकट्या भावाच्या घरात शिरला. त्याच्या वर्षाच्या आतल्या लेकराला हगवण लागली आणि मुक्कामी आलेल्या आमच्या आत्याने हा मेसेज वाचून दाखवत त्याचं दूध तोडायला लावलं. "दात येऊन राह्यले त्याचे, होते तसंच. काहून घाबरता?" आत्या वाईट बाई नाही. तिने आमची सगळ्यांची बाळंतपणं काढली आहेत. म्हणूनच तिचं कोणी मोडत नाही, आणि म्हणूनच हा मेसेज तिच्या हातात पडणं मला फार धोक्याचं वाटतं.

तर आधी तिसऱ्याच मुद्द्याकडे येतो, कारण त्याने लेकरू जातं.

हगवणीत जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. जेवढं खालून जातं तेवढं वरून भरायचं, हाच त्यावरचा उपाय. आणि मेसेज नेमकं तेच बंद करायला सांगतो. दूध-पाणी तोडलं की जुलाब कमी झाल्यासारखे दिसतात हे खरं, पण ते पोटात काही उरलं नाही म्हणून. घरातले म्हणतात, बघा, थांबलं. तोवर लेकराचे डोळे खोल गेलेले असतात, रडताना आसवं येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते. टाळू खोल गेलेली दिसली की आमच्याकडे म्हणतात टाळू पडली, तेल भरा. अहो, ती टाळू पाण्यावाचून खोल गेली आहे. वरून वाटीभर तेल जिरवलं तरी ती भरणार नाही, आणि त्या तेल जिरवण्यात दवाखाना गाठायची वेळ निघून जाते.

दात येण्याचंही तेच. दात येण्याच्या वयात लेकरू रांगतं, खालचं उचलून तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं. जंतू तिथून जातात. दाताच्या नावावर हगवण सोडून देऊ नका.

"आजीच्या अनुभवातून" असं त्या मेसेजखाली लिहिलं आहे. अनुभवच पाहिजे असेल तर १९७१ सालचा घ्या. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले आणि तिथे कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवलं, पिंपात भरलं आणि रोग्यांच्या घरच्यांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. मरणाचं प्रमाण जिथे ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे आजचं ओआरएस, पाण्यात कालवायचं मीठ-साखरेचं पाकीट. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली त्यामागच्या शोधाला शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. हगवण लागलेल्या आतड्यालाही साखर आणि मीठ सोबत मिळालं की ते आत ओढून घेता येतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या साखरपाण्याने हे साधत नाही.

ओआरएसचं हे पाकीट आशाताईकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळतं. एक पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात, असं नको. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबामागे पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळूहळू सुरू करायचं. अंगावरचं दूध अजिबात तोडायचं नाही, जेवण सुरू असेल तर मऊ खिचडी, वरण-भात चालू ठेवायचं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दुकानात खोक्यात मिळणारं फळाच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही, जास्त साखरेने हगवण वाढते. आणि लेकरू सुस्त पडलं, पीतच नसेल, शीमध्ये रक्त दिसलं, तर घरी बसू नका. १०८ ला फोन लावा.

भावाचं लेकरू आता ठीक आहे. दूध पुन्हा सुरू केलं, पाकीट कालवलं, सकाळी ग्रामीण रुग्णालयात नेलं. पण त्या रात्री मला दिसलं ते वेगळंच. माझ्या भावजयीला ओआरएस माहीत होतं. आशाताईने तिला शिकवलं होतं. पण त्याच मेसेजचा पहिला मुद्दा, लेकरू आजारी पडतं ते आईच्या हयगयीमुळे, घरात वाचून झाला होता, आणि त्यानंतर तिने काही बोलावं तर ते उलट बोलणं ठरत होतं. ती गप्प राहिली. मेसेजमधले हे दोन मुद्दे असे एकमेकांना धरून आहेत. आधी आईला गुन्हेगार करायचं, मग तिला ठाऊक असलेला उपाय तिच्या तोंडातून निघू द्यायचा नाही.

शिवाय दवाखान्यात न्यायचं ठरवतं कोण? गाडीची किल्ली भावाकडे, सोयाबीनचे पैसे भावाकडे, "आज मळणीयंत्र येणार आहे, उद्या पाहू" म्हणणाराही तोच. तंबाखूच्या खर्र्याला रोज पैसे निघतात आणि लेकराला तालुक्याला न्यायला निघत नाहीत, अशी घरं आमच्या गावात आहेत. मग दोष एकट्या आईचा कसा?

यावरूनच पाचवा मुद्दा, बापाच्या मानाचा. मी बाप आहे. माझ्या पोरीचे लंगोट मी धुतले, रात्री खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, आणि गावात माझा मान काही कमी झाला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. लेकराला खोकला कधीपासून आहे, छाती आत ओढली जाते का, हे बघायला घरात तिच्याशिवाय कोणी नसेल तर ते बघायचं राहूनच जाणार. नवरा-बायकोत कुरबुरी होतात त्या यावरून होतात. आजारी लेकरू दोघांनी वाटून सांभाळलं तर भांडण कमी होतं, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

घरच्या देखभालीने काय होतं याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन घेणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. काम न झालेल्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. बाळंतपणानंतर आज आशाताई घरी येऊन बाळ तपासते, ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी, ती पद्धत या कामातून देशभर गेली. त्या गावांतल्या आया काही एकाएकी जास्त मायाळू झाल्या नव्हत्या. त्यांच्या दारात शिकलेलं, वेळेवर येणारं माणूस होतं. आशाताई आली की बापानेही समोर बसावं, एवढं तरी करावं.

चिकाचं तर मला समजतच नाही. गाय व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय कोणता शेतकरी राहतो? माणसाच्या बाळाला तोच पिवळा घट्ट चीक रोगाशी लढायची ताकद देतो, जन्मल्यावर तासाभरात पाजायचा. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं.

बायकोने मागून जेवायचं म्हणजे आमच्याकडे खाली राहिलेलं जेवायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि पाच वर्षांखालच्या दर तीन लेकरांत साधारण एक खुजं. गरोदर बाईच्या ताटात वरण पोचत नसेल तर पोटातल्या बाळाला वजन कुठून येणार? सगळ्यांनी एका वेळी बसावं. प्रेम त्यानेही राहतं.

मोबाइलचं म्हणणं अर्धं मान्य करावं लागतं. दोन वर्षांखालच्या लेकराला पडदा दाखवूच नये आणि चार वर्षांपर्यंत तासाभरापेक्षा जास्त नको, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्या गल्लीत मोबाइलशिवाय घास न घेणारी पोट्टी आहेत. पण मोबाइल हातात जातो तो बाई स्वयंपाकात असते आणि लेकराला घ्यायला दुसरं कोणी उठत नाही तेव्हा. मेसेज इथेही आईवरच येऊन थांबतो.

राहिली लस. ताप येतो, विशेषतः सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरच्या लसीनंतर. कधी मांडी सुजते. शरीर रोगाची ओळख करून घेत असतं. दोन दिवसांत उतरतो, सिस्टर औषध सांगते. आपल्या देशातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, त्यानंतर तसा एकही नाही. ते डोस पाजूनच झालं. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि वेचणीच्या गडबडीत तोच राहतो. घरोघरी ते लसीचं कार्ड डब्यात पडलेलं असतं. बापांनो, ते आज काढा, पुढची तारीख बघा, आणि त्या दिवशी लेकराला उपकेंद्रात तुम्ही घेऊन जा.