औषध 'नेमकं पोचतं' म्हणजे काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. औषध वाहून नेणाऱ्या, आपोआप जुळणाऱ्या अतिसूक्ष्म नॅनोकणांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, 'डोसचा एक टक्काही कॅन्सरच्या गाठीत पोचत नाही, तरी तुम्ही याला नेमका मारा म्हणता. पेशंटच्या घरच्यांना खोटी आशा लावू नका.' मुद्दा रोखठोक आहे आणि प्रश्न आजारी माणसांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आकडा बरोबर आहे. टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासून २०१६ मध्ये तो मांडला: मध्यक (म्हणजे सगळ्या निकालांतला मधला आकडा) ०.७ टक्के. पण ते प्राण्यांवरचे प्रयोग होते. शिवाय मोकळं औषध तरी कुठे सगळं गाठीत जातं? तेही अंगभर पसरतं. माझ्या मते खरा हिशेब औषध कुठे जात नाही, याचा आहे.

डॉक्सोरुबिसिन घ्या. कॅन्सरवरचं जुनं, जोरदार औषध. पण एकूण डोस वाढत गेला की हृदयाचे स्नायू कमजोर करतं. जेरुसलेममध्ये बारेनहोल्त्झ आणि गाबिझोन यांनी ते स्निग्ध रेणूंच्या फुग्यांत भरलं. या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाणी टाळतं. त्यामुळे पाण्यात ते आपोआप दुहेरी थरात बसतात आणि थर मिटून फुगा होतो. जुळवणारं कुणी लागत नाही. आत अमोनियम सल्फेट ठेवलेलं असतं. औषध आत शिरलं की तिथेच त्याचे स्फटिक होतात आणि ते बाहेर गळत नाही. सुमारे १०० नॅनोमीटरचा हा फुगा हृदयातल्या केशवाहिन्यांच्या घट्ट भिंतींतून सहसा निसटत नाही. गाठीतल्या वाहिन्या मात्र झिरपऱ्या असतात. १९९५ मध्ये अमेरिकेत हे औषध 'डॉक्सिल' नावाने आलं. हृदयाचा धोका कमी झाला, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. तोही सांगायलाच हवा. पुढे तिकडे तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये मुंबईच्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' आयात करायला अमेरिकेने परवानगी दिली.

आता पेशीला चिकटण्याबद्दल. कणावर अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला पकडणारा रेणू) बसवली म्हणून तो पेशी शोधत निघत नाही. रक्त नेईल तिकडे जातो, आणि बरेचसे कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. पकड उपयोगी पडते ती पेशीशेजारी पोचल्यावरच. काही कॅन्सरपेशींवर जास्त असणाऱ्या हर-२ प्रथिनाला धरणाऱ्या एमएम-३०२ या फुग्याची स्तनाच्या कॅन्सरवरची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण प्रचलित उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसेना. उलट २०१८ मध्ये मान्य झालेल्या पॅटिसिरानच्या (बिघडलेलं प्रथिन अंगात साचण्याच्या आनुवंशिक आजारावरचं औषध) कणावर अशी कोणतीही अँटीबॉडी लावलेली नाही. रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन त्याला येऊन चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्याला ओळखून आत घेतात. बिघडलेलं प्रथिन यकृतातच तयार होत असल्याने पोचायचं तिथेच होतं.

डीएनएच्या घड्यांपासून केलेल्या, औषध नेणाऱ्या पेट्यांबाबत मात्र तुमचा इशारा मला शंभर टक्के मान्य आहे. हार्वर्डमधली, ठरावीक पेशी भेटल्यावरच उघडणारी पेटी २०१२ ची; गाठीतल्या वाहिन्यांत रक्त गोठवणारी नळी २०१८ ची, तीही उंदरांत. अशा पेट्यांच्या नावाने कुणी पेशंटला आजच 'नॅनोरोबो उपचार' विकत असेल, तर पैसे देऊ नका.

आणि घरच्यांसाठी एक कामाची गोष्ट: साधं आणि लायपोसोमल (म्हणजे वर सांगितलेल्या फुग्यांत भरलेलं) डॉक्सोरुबिसिन यांचे डोस वेगळे असतात, एकाच्या जागी दुसरं परस्पर चालत नाही. सलाइन लावण्याआधी बाटलीवरचं पूर्ण नाव ऑन्कॉलॉजिस्टच्या चिठ्ठीशी ताडून बघा.