छत्तीसचा आकडा

परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत अत्यंत कनवाळू स्वरात मला विचारले, "तुम्हाला एकतीस टक्के पडले म्हणे?" मी बावन्न वर्षांचा आहे. शेवटची परीक्षा देऊन मला तीस वर्षे होत आली आणि पस्तीसच्या खाली मी चित्रकलेतसुद्धा कधी उतरलो नव्हतो. तरीही ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत मी सध्या नापास म्हणून ओळखला जातो, आणि ही कीर्ती मला खालच्या मजल्यावरच्या काकांनी मिळवून दिली आहे.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम सेटवर घरचे टॉवेल वाळू लागले. तेव्हा भाच्याने फोनवर सुचवले की हा सेट संगणकाला जोडला तर त्यावर एक फुकटचा खेळ खेळता येईल. पडद्यावर गाण्याबरोबर रंगीत ठिपके घरंगळत येतात आणि ठिपका रेघेवर पोहोचेल त्या क्षणी त्या रंगाच्या पॅडवर स्टिक मारायची असते. २००७ साली 'रॉक बँड' नावाचा खेळ निघाला तेव्हा त्याच्यासोबत चार पॅड आणि एक पेडल असा प्लास्टिकचा सेटच मिळत असे. आमच्याकडे तर खरा होता, म्हणजे निम्मे काम झालेच होते, असे मला वाटले. उरलेल्या निम्म्यासाठी मी स्टेशनपासून गोखले रोडपर्यंत तीन दुकानांत सेट संगणकाला जोडणारी 'मिडी केबल' मागितली, तिन्ही ठिकाणी माइकच्या वायरी पाहिल्या, आणि शेवटी घरातल्या बंद पडलेल्या प्रिंटरची वायर त्या सेटला चपखल बसते, हे ज्ञान मला रिक्षाचे भाडे दिल्यानंतर झाले.

रविवारी सकाळी कानांना हेडफोन लावून मी पहिले गाणे सुरू केले आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच दाराची बेल वाजली. दारात काका उभे होते. अंगात बनियन, हातात चार घड्या घातलेला कागद. "ध्वनिप्रदूषण नियम, २०००," त्यांनी नमस्काराच्या जागी वाचायला सुरुवात केली, "निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५." मी त्यांना आत नेऊन पॅडवर स्टिक मारून दाखवली. रबरावर टप् असा आवाज झाला. एवढा आवाज त्यांच्या घरी लसूण सोलतानाही होत असेल. काकांनी कागदाची घडी घातली. "आवाजाचं नाही रे, हादऱ्याचं म्हणतोय मी. तू पाय आपटलास की माझा पंखा डोलतो." हे मात्र खरे होते. हेडफोन लावले तरी पेडलचा दणका स्लॅबमधून खाली उतरतोच, आणि स्लॅबला हेडफोन लावता येत नाहीत.

एवढ्यावर ते गेले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण काका चाळीस वर्षे भजनी मंडळात तबला वाजवत आले आहेत आणि समोर चामड्यासारखे काहीही ताणलेले दिसले की त्यांचे पाय जागचे हलत नाहीत. ते पलंगावर मांडी घालून बसले.

"या वायरीतून ठेका जातो?"

"ठेका नाही, काका. आकडे जातात." वाद्ये १९८३ पासून एकमेकांशी ज्या मिडी भाषेत बोलतात, तिच्यात आवाज नसतोच, कोणत्या पॅडवर मारले त्याचा क्रमांक आणि किती जोरात मारले त्याचा १ ते १२७ मधला आकडा, एवढेच संगणकाला कळते, हे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. स्नेअर ३८. पायाचा ड्रम ३६.

"तुझ्या पायाचा नंबर छत्तीस?" काका म्हणाले. "मग बरोबरच आहे. तो थेट माझ्या डोक्यावर पडतो."

मी पुढे सांगत राहिलो, ही माझी चूक. "आणि ही हाय-हॅट, डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. ४२ म्हणजे क्लोज, ४६ म्हणजे ओपन."

काकांच्या चेहऱ्यावर तारुण्य पसरले. "ओपन, क्लोज! अरे, हा तर मटका! आमच्या वेळी नाक्यावर पोलिस यायचे यासाठी, आणि तू बायकोच्या समोर लावतोस?" आतून बायकोचे हसणे ऐकू आले. माझ्या विनोदांना ती असे हसत नाही.

अशा वातावरणात मी वाजवायला घेतले. हेडफोन मला काढायला लावून गाणे टीव्हीवर मोठ्याने सुरू झाले आणि काका मांडीवर टाळी देत मोजू लागले. चार-चारचे चार तुकडे म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे त्रिताल, म्हणजे नवव्या मात्रेला 'खाली', टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा, यायलाच हवी, अशी त्यांची धारणा होती आणि ती न आल्याने ते बेचैन झाले. "यात खालीच नाही!" ते दर ओळीला ओरडत. खाली तुम्ही राहता ना, हे वाक्य मी मोठ्या कष्टाने गिळले. गाणे संपले आणि पडद्यावर ३१ हा आकडा उमटला. काकांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

आता माझी बाजू ऐका, कारण इमारतीत कोणी ऐकत नाही. भाच्याने संगणकाला हाय-हॅटचा फक्त ४२ शिकवला होता. माझा डावा पाय जरा सैल पडला की पॅड ४६ पाठवी आणि खेळाच्या लेखी मी काहीच वाजवलेले नसे. म्हणजे हात बरोबर, वेळ बरोबर, आणि गुण शून्य! पोटापाण्याच्या नोकरीत हेच सोसतो, म्हणून निदान करमणुकीत तरी ते नसावे, अशी माझी माफक अपेक्षा होती. शिवाय टीव्ही चित्र उजळण्यात काही क्षण घालवत असल्याने सगळे ठिपके उशिरा पोहोचत होते. हे मात्र काकांनीच ओळखले, ते नाकारता येणार नाही. डोळे मिटून, दोन ओळी ऐकून, मग डोळे उघडून ते म्हणाले, "पडदा मागे पडतोय. साथीदार ढिला आहे." मी चित्र लवकर दाखवणारा टीव्हीचा गेम मोड लावला, उशीर मोजण्याच्या खेळातल्या चाचणीसाठी काकांना ठोके द्यायला सांगितले, आणि त्यांनी घड्याळासारखे ठोके दिले. ४६ हा आकडाही शिकवून झाला. पुढच्या खेपेला मला ७८ टक्के मिळाले.

त्या ७८ ची वार्ता जिन्यात कोणाच्याही कानावर गेलेली नाही.

नंतर काकांनी स्टिक बाजूला ठेवल्या आणि बोटांनी वाजवायला घेतले. त्यांची बोटे पॅडवर अशी नाजूक फिरत होती की मी पडद्याकडे पाहणे विसरलो. पण किरकोळ धक्के गाळण्यासाठी त्या सेटला जी किमान जोराची मर्यादा घातलेली असते, तिच्यापर्यंत त्यातले बहुतेक बोल पोहोचलेच नाहीत. चार टक्के. "बहिरं आहे," काका पॅडकडे बघत म्हणाले आणि उठले. ते चार टक्के मी आजवर कोणालाही सांगितलेले नाहीत.

मंगळवारी फलकावर सूचना लागली: 'सभासदांनी पायाने वाजवावयाची वाद्ये दुपारी २ ते ४ या वेळेत वाजवू नयेत.' पायाने वाजवायचे वाद्य इमारतीत एकच आहे. मी पेडलखाली जुनी गादी घातली, गादीखाली प्लायवूड आणि त्याखाली टेनिसचे चेंडू, आणि आता मी बसतो तेव्हा होडीत बसल्यासारखा डुलतो. समोरच्या मैदानात मात्र ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आहे. खिडक्यांच्या काचा थरथरतात, फोनवर बोलता येत नाही, आणि डेसिबलचा कागद कुठे आहे म्हणून मी गॅलरीतून खाली वाकून पाहिले तर काका कठड्यावर बोटांनी ठेका धरून उभे होते. मला पाहून त्यांनी हात वर केला.

"ऐक, ऐक! याला म्हणतात लय!"

मी आत आलो आणि हेडफोन लावले. पंधरा मिनिटांनी बेल वाजली.