‘आधी पुन्हा बाप्तिस्मा, मग बाकीचं’ हे कुणी सांगितलं?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. म्हणे, ‘सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) किंवा इतर चर्चचा बाप्तिस्मा कॅथोलिक मानत नाहीत. तिथून कॅथोलिक होणाऱ्या मुलाला पुन्हा बाप्तिस्मा देतात, जुनं चर्च सोडल्याची शपथ घ्यायला लावतात, मग पहिल्या कम्युनियनच्या वर्गात बसवतात. दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा तेलाभ्यंगाचा संस्कार) बिशप आले की.’

बाप्तिस्म्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच. डोक्यावर पाणी ओतलं किंवा पाण्यात बुडवलं आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ म्हटलं, तर तो बाप्तिस्मा ग्राह्य आहे. तो पुन्हा देताच येत नाही. गंभीर शंका असल्याशिवाय सशर्त बाप्तिस्माही (‘आधी झाला नसेल तर’ अशा अटीवरचा) देऊ नये, असं धर्मसंहितेचं, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचं, ८६९ वं कलम सांगतं. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले. त्यांच्या कामातून पुढे वाढलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेतल्या घरांचा प्रश्न बहुधा पाळकांच्या दाखल्यावरच मिटतो.

फक्त दाखला नीट वाचा. त्यावर ‘बालसमर्पण’ (बाळाला प्रार्थनेनं देवाला अर्पण करणं) असेल तर तो बाप्तिस्मा नव्हे. पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत लहान बाळाचं समर्पणच होतं. सीएनआयमध्येही ती मुभा आहे, कारण १९७० च्या एकीकरणात बॅप्टिस्टही आले होते. साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्मा नसतोच. ‘फक्त येशूच्या नावाने’ दिलेला किंवा यहोवाच्या साक्षीदारांचा ग्राह्य धरत नाहीत. ही मुलं मात्र खरोखर बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतात. दाखला हरवला असेल तर विधीला हजर असलेल्या एका विश्वासू माणसाचा जबाबही चालू शकतो. समजा आत्या हजर होती, तर तिला विचारायचं ते इतकंच: पाणी डोक्यावरून वाहिलं की ओलं बोट कपाळाला लावलं, आणि शब्द कोणते होते?

शपथेची गोष्ट निव्वळ जुनी. आताच्या विधीत जुन्या चर्चचा धिक्कार कुठंच नाही. मूल नायसिन विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं निवेदन) म्हणतं आणि पुढं एक वाक्य: कॅथोलिक चर्च जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानते, शिकवते आणि घोषित करते, ते सारं मी मानतो. सात वर्षांखालच्या मुलाला हेही लागत नाही. आईवडिलांचा निर्णय आणि नोंदवहीतली नोंद पुरते.

वर्गाचं म्हणणं अर्धंच खरं. संडे स्कूलमध्ये वाढलेल्या मुलाला बायबल अनेकदा इतरांपेक्षा जास्त येतं, त्याला ‘अ’पासून शिकवू नये. अडतं ते भलतीकडेच. दहा आज्ञांपैकी त्याच्यासाठी पाचवी आईबापांचा मान राखण्याची, कॅथोलिक क्रमात ती चौथी आणि पाचवी खुनाची. पापनिवेदनाच्या (फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या) तयारीत नुसता आकडा सांगितला की गोंधळ ठरलेला, म्हणून आज्ञा शब्दांत म्हणवून घ्या. मिस्सेत (कॅथोलिक उपासनेत) प्रभूच्या प्रार्थनेनंतर मूल सवयीनं ‘कारण राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणून जातं, बाकी सगळे गप्प. तिथं आधी फादरांची एक छोटी प्रार्थना येते, हे आधीच सांगून ठेवा. खरा वेळ द्यायचा तो ख्रिस्तशरीराला, म्हणजे कम्युनियनला: प्रभुभोजन नुसती आठवण नव्हे, हे मुलाला कळलं पाहिजे. पापनिवेदन, मुलाला कॅथोलिक चर्चमध्ये घेण्याच्या म्हणजे स्वीकाराच्या विधीआधी होतं.

दृढीकरणाबाबत तर मजकूर सरळ उलटा आहे. सात वर्षांवरच्या मुलाला जे फादर आपल्या पदाच्या अधिकाराने किंवा बिशपांच्या आदेशाने पूर्ण सहभागितेत घेतात, म्हणजे कॅथोलिक म्हणून स्वीकारतात, त्यांना कायद्यानेच दृढीकरण देण्याचा अधिकार मिळतो (कलम ८८३), आणि तो त्यांनी वापरायलाच हवा (८८५). स्वीकार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, सगळं एकाच मिस्सेत. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीची वाट बघायचीही गरज नाही.

ऑर्थोडॉक्स मल्याळी घरातल्या मुलांचं दृढीकरण बाप्तिस्म्याच्या वेळीच झालेलं असतं, ते पुन्हा द्यायचं नाही. त्यांची नोंद लॅटिन (पाश्चात्त्य परंपरेच्या) चर्चमध्ये नव्हे, तर संबंधित पौर्वात्य कॅथोलिक चर्चमध्ये होते. नोंदवहीत बाप्तिस्म्याची मूळ तारीख आणि मूळ चर्चच लिहून घ्या, लग्नाच्या वेळी तीच विचारतात.