एमएस्सी करू का, मॅडम?

निकाल लागले की हा मेसेज यायला लागतो. "मॅडम, बीएस्सी केमिस्ट्री झालं, फर्स्ट क्लास आहे. एमएस्सी करू का जॉब बघू?" पाठवणारं लेकरू बहुधा बीड, जालना नाहीतर परभणीकडचं, आणि माझा नंबर कुठल्यातरी मामानं दिलेला. मी संभाजीनगरला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घेते, म्हणून माझ्याकडे तयार उत्तर असणार असं लोकांना वाटतं. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच इथं लिहून ठेवते. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

आधी कडू लागेल ते. एमएस्सीला बसलेल्या बऱ्याच पोरांना एमएस्सी करायचंच नसतं. मित्रांनी फॉर्म भरला म्हणून यानंही भरला. "पोरगा एमएस्सी करतोय" हे चारचौघांत सांगायला बरं वाटतं, "पोरगा घरीच आहे" सांगताना आईचा चेहरा पडतो. शिवाय तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी यांचे फॉर्म भरणं चालूच असतं. जर्नल कुणाचंतरी बघून उतरवायचं, परीक्षेच्या तोंडावर सीनियरच्या नोट्स झेरॉक्स करायच्या. दोन वर्षांनी डिग्री हातात येते आणि "आता पुढं काय" हा प्रश्न होता तिथंच असतो.

मुलाखतीत हे लगेच उघडं पडतं. मी पातळ ॲसिड करण्याचा एक साधा प्रश्न विचारते: एक लिटर ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, करायचं आहे, बाटलीतलं ॲसिड किती घेशील? एन-वन व्ही-वनचं सूत्र सगळे पटकन लिहितात. मग पेन थांबतं. बाटलीतलं कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड साधारण १२ नॉर्मल असतं हे माहीतच नसतं, कारण कॉलेजात सोल्युशन लॅबमधल्या मामांनी आधीच करून ठेवलेलं. उत्तर साडेआठ मिलिलिटरच्या आसपास येतं. एमएस्सीला डिस्टिंक्शन मिळवलेली पोरं इथं अडकलेली मी पाहिली आहेत, आणि दोन वर्षं शिफ्टमध्ये घासलेला बीएस्सीवाला तेच उत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी देतो. (तरीही एचआर जाहिरातीत "एमएस्सीच हवा" लिहितं. त्यावर माझं आणि त्यांचं अनेकदा वाजलंय.)

म्हणजे एमएस्सी करू नका असं म्हणतेय का? तसं नाही. तुम्हाला कुठलं काम करायचंय ते आधी सांगा.

सिंथेसिसच्या लॅबमध्ये, म्हणजे नवी रसायनं बनवायच्या आर अँड डीत (संशोधन विभागात) जायचं असेल तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करा, दुसरा विचार नको. बीएस्सीचा सीव्ही तिथं सहसा कुणी उघडून बघत नाही. आपल्याकडच्या नांदेड-लातूरची पोरं ऑरगॅनिक करून थेट औषध कंपन्यांचं हैदराबाद गाठतात, ते उगाच नाही. ॲनालिटिकल केमिस्ट्रीवाल्यांना क्यूसी आणि मेथड डेव्हलपमेंटचं (तपासणीच्या पद्धती बसवण्याचं) दार उघडतं. पण प्रॉडक्शनलाच जायचं असेल तर ही दोन वर्षं कशाला? बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यालाही औषधनिर्मितीतला तीन वर्षांचा अनुभव झाला की एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) अप्रूव्हलसाठी, म्हणजे औषध उत्पादनावर देखरेख करणारा मान्यताप्राप्त माणूस म्हणून, कंपनी त्याचं नाव पाठवू शकते. सीव्हीवर "एफडीए अप्रूव्ह्ड" ही ओळ एकदा आली की माणसाचा भाव बदलतो. त्याच्याबरोबरचा मित्र तोवर एमएस्सी होऊन ट्रेनी म्हणून लागलेला असतो आणि पहिल्या पगारात त्याला मिळालेला फरक असतो दोन-चार हजारांचा.

प्राध्यापक व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी फार लिहीत नाही. एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं, आणि केमिस्ट्रीची नेट सीएसआयआरची. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, मग खुशाल पीएचडी करा, मजेत शिका. नुसती सेट काढून बसलात तर तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची तयारी आहे आणि कायम जागा निघाली की संस्था "किती" विचारते, हे तुमच्याच कॉलेजातल्या तरुण सरांना कँटीनमध्ये चहा पाजून विचारा. वर्गात सांगणार नाहीत.

आता नवीन शैक्षणिक धोरणातला बीएस्सीच्या चौथ्या वर्षाचा घोळ. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांची ऑनर्स केलीत तर एकच वर्षाची. बेरीज दोन्हीकडे पाचच. चौथं वर्ष खरं कामाचं आहे ते ज्याला संशोधनात जायचंय त्याला, कारण चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. बाकीच्यांनी "सगळे थांबताहेत" म्हणून थांबू नये.

इथपर्यंतचं सगळं मी मुलांना सांगते. मुलींच्या बाबतीत माझा सल्ला बदलतो. कुणाला पक्षपात वाटला तर वाटू दे.

मुलाला मी बिनधास्त म्हणते, एक वर्ष नोकरी कर, मग ठरव. मुलीला तसं म्हणायचं तर आधी तिला नोकरी मिळायला हवी. बीएस्सीवाल्यांची भरती होते ती मुख्यतः प्रॉडक्शनला, तीन पाळ्यांत. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टनं बायकांना रात्रपाळी बंद ठेवली होती. पुढं अटी घालून परवानगी आली, तरी शॉप फ्लोअरवर मुलगी घ्यायची म्हटलं की सुपरवायझरच्या कपाळावर आठ्या येतात. मुलींना घेतात लॅबमध्ये, आणि लॅबला मागतात एमएस्सी.

दुसरं कारण कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही. बीएस्सी होऊन घरी बसलेल्या मुलीला दिवाळीच्या आत स्थळं यायला लागतात. "शिकतेय अजून" एवढंच एक उत्तर आपल्या समाजात बिनतोड चालतं. मागे एका मुलीनं रात्री उशिरा मेसेज केला, "मॅडम, पप्पांशी बोलाल का?" बोलले. ते म्हणाले, "शिकवायला आमची ना नाही, मॅडम, पण लांब नको. अन् शिकून तरी शेवटी काय?" मी त्यांना करिअर वगैरे काही सांगितलं नाही. क्यूसीला बहुतेक जनरल शिफ्ट असते, कंपनीची बस नेते-आणते, आमच्या लॅबमध्ये लग्न झालेल्या, लेकरंबाळं असलेल्या बायका आहेत, आणि पगार थेट तिच्या खात्यात जमा होतो, एवढं सांगितलं. शेवटच्या वाक्यावर ते गप्प झाले. मुद्दाम बोलले होते मी ते. त्या मुलीला ऑरगॅनिक आवडतं की ॲनालिटिकल, हेही तिला तेव्हा धड ठरवता येत नव्हतं. मुलगा असता तर त्याला मी म्हटलं असतं, मग थांब. तिला म्हटलं, आधी प्रवेश घे, ठरवायला दोन वर्षं आहेत.

वेळ काढायला एमएस्सी करू नका म्हणणारी मी, मुलींना वेळ काढायलाच सांगते. विसंगत आहे, मान्य. पण त्या पोरांचा वेळ वाया जातो आणि या मुलींना तो मिळतच नसतो, त्याला मी काय करू?

प्रवेश घ्यायचाच असेल तर फक्त फी आणि टक्केवारी बघून कॉलेज निवडू नका. ऑरगॅनिक, ॲनालिटिकल बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित आहे. वर खोली आणि मेस धरली तर कापसाच्या पैशातून हा खर्च निघणं सोपं नाही. म्हणून आधी एक दिवस जाऊन लॅब बघून या. एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) आहे का विचाराल तर सगळेच "आहे" म्हणतील. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून दाखवा म्हणा. शेवटचं इंजेक्शन कधी मारलं, म्हणजे त्यात नमुना कधी सोडला, ते लॉगबुकात असतं, ते मागा. लॉगबुकच नाही म्हणाले तर ते मशीन नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) कमिटी आल्यावरच सुरू होतं असं समजा आणि दुसरं कॉलेज बघा.

आणि हो, सीव्ही पाठवताना पीडीएफ पाठवा. कागदाचा आडवा फोटो काढून पाठवू नका, मान दुखते वाचताना.